पोरांची भीड चेपू द्या, गावाची मोट बांधली जाईल

वाचकहो, दिवाळी सरली, कपाशी फुटली, तूर फुलोऱ्यावर आली की आपल्या वर्धा जिल्ह्यात गावोगावी आणखी एक पीक येते. ते म्हणजे शिबिरांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नाहीतर समाजमंदिरावर कापडी फलक लागतो. पन्नासेक पोट्टे-पोट्टी सतरंज्या-गाद्या घेऊन उतरतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर असते. पहिल्या दिवशी उद्घाटन, हारतुरे, पाहुण्यांचे तासभर भाषण. सातव्या दिवशी समारोप, पुन्हा हारतुरे, पुन्हा भाषण. मधल्या पाच दिवसांत नाल्या साफ होतात, रस्त्याच्या कडेचे गवत निघते, कुठे एखादा वनराई बंधारा होतो. आठव्या दिवशी फलक उतरतो.

त्यानंतर महिनाभराने गावातल्या एखाद्या माणसाला विचारून पाहा, "कोण आलते बा तुमच्या गावात?" उत्तर एकच मिळेल, "कॉलेजचे पोट्टे आलते." एकाचेही नाव सांगता येणार नाही. आणि त्या पोरांना विचारा, गावातल्या किती माणसांची नावे येतात? सरपंचाचे येईल, स्वयंपाकाला भांडी देणाऱ्याचे येईल, संपले. सात दिवस एकाच विहिरीचे पाणी प्यायले, पण ओळख झाली नाही. गावाची पोरांशी झाली नाही ती नाहीच, पोरांची आपसांतही झाली नाही. हिंगणघाटची पोरे हिंगणघाटच्या घोळक्यात, देवळीची देवळीच्या. मुली एका कोपऱ्यात आणि मुले दुसऱ्या.

हा दोष पोरांचा नाही. पहिल्या दिवशी जे करायला पाहिजे होते ते कुणी केले नाही, एवढाच त्याचा अर्थ. आजचे हे लिहिणे त्याच पहिल्या दिवसाबद्दल आहे. विषय कॉलेजातला वाटेल, पण तो गावाचा आहे. शिबिर तुमच्या गावात येते, जागा तुमची असते, पाणी तुमचे असते आणि वर्गात गप्प बसणारे लेकरूही तुमचेच असते.

शब्द नवा, गोष्ट जुनी

आजकाल प्रशिक्षण घेऊन आलेले शिक्षक दोन शब्द बोलतात. एक 'आइसब्रेकर' आणि दुसरा 'टीम बिल्डिंग'. पहिल्याचा अर्थ बर्फ फोडणे. आता ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तिथे बर्फ कुठून फोडायचा? पण गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्याकडे त्याला भीड चेपणे म्हणतात. नवी सून पहिल्या दिवशी बोलत नाही. मग जाऊबाई तिच्या हाती चार शेंगा सोलायला देते, दोघी मिळून सोलता सोलता बोलू लागतात, भीड चेपते. दुसऱ्या शब्दालाही आपल्याकडे चांगला शब्द आहे, मोट बांधणे. दहा तोंडांची दहा माणसे एका कामाला लावायची म्हणजे मोट बांधायची. हे सरपंचाला शिकवावे लागत नाही. न शिकता येत असेल तर तो दुसऱ्यांदा निवडून येत नाही.

म्हणजे खेळाने, गमतीने, छोट्या कामाने अनोळखी पोरांची भीड चेपायची आणि मग त्यांची मोट बांधायची, एवढाच हा सगळा प्रकार आहे. तो नीट केला तर दोन तासांचे काम आहे. केला नाही तर सात दिवस वाया जातात. आणि चुकीचा केला तर एखाद्या लेकराच्या मनाला कायमचा ओरखडा जातो. तेही पुढे सांगतो.

वर्ध्याला हे कुणी शिकवायचे?

खरे तर या बाबतीत आपण जगाला शिकवायचे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. शिक्षण मातृभाषेतून असावे, सात वर्षांचे असावे, मोफत असावे आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे, असे तिथे ठरले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. पुढे आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामला नई तालीमचे काम उभे केले. तिथे वेगवेगळ्या प्रांतांची, भाषांची, जातींची मुले एकत्र राहिली. ती एकमेकांत मिसळली कशी? झाडू धरून, सूत कातून, भाजी चिरून, शेतात राबून. सफाई एका जातीचे काम आणि स्वयंपाक एका बाईचे काम, हा जो आपल्या गावांचा जुना हिशेब होता तो तिथे मोडला. ज्याने सकाळी माझ्याबरोबर संडास साफ केला, त्याच्या ताटाशेजारी ताट ठेवायला दुपारी अडचण कशाची? नई तालीमचा वारसा सांगणारी आनंद निकेतन शाळा आजही सेवाग्रामला आहे. ज्या शिक्षकांना शक्य आहे त्यांनी एकदा जाऊन पाहावी.

दुसरे उदाहरण त्याच सेवाग्रामचे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. तिथल्या रिवाजाप्रमाणे डॉक्टर व्हायला आलेल्या मुला-मुलींना आधी वर्गात नव्हे, आश्रमात नेतात. पंधरा दिवस तिथे मुक्काम, पहाटेची प्रार्थना, सूतकताई, श्रमदान, आपली भांडी आपण घासायची. मुंबईच्या बंगल्यातून आलेला आणि आष्टीच्या कुडाच्या घरातून आलेला एकाच ओळीत ताट धुतो. त्यानंतर ती तुकडी एक गाव घेते, त्या गावात पंधरा दिवस राहते, एकेका विद्यार्थ्याला काही कुटुंबे वाटून दिलेली असतात आणि शिबिर संपल्यावरही त्यांनी त्या घरी जात राहायचे असते. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी हे पाहिले आहे. २०१९ पासून देशातल्या सगळ्या वैद्यकीय महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्यांसाठी सुरुवातीचा खास अभ्यासक्रम सुरू झाला. सेवाग्राम ते पन्नास वर्षे आधीपासून करत होते.

तिसरे नाव हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला त्यांनी तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवली. भर उन्हाळ्यात महाराष्ट्रभरातून पोरे तिथे गेली. सकाळी कुदळ-फावडे, दुपारी चर्चा, रात्री गाणी. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून पोरांनी माती उपसली. जी भीती भाषणाने गेली नसती ती घमेले हातोहात देताना गेली.

आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना? आपल्या किती गावांत गुरुदेव सेवा मंडळाची मंडळी आजही संध्याकाळी एकत्र बसतात. लहानथोर एका रांगेत. मोट बांधायची दुसरी कोणती रीत याहून सोपी आहे?

नुसत्या मौजेने मने जुळत नाहीत

इथे कुणी म्हणेल, मग खेळ कशाला, सरळ कामालाच लावा. दुसरा म्हणेल, काम कशाला, दोन गाणी म्हणा, चार खेळ खेळा, पोरे आपोआप जुळतात. दोन्ही अर्धे खरे आहे.

याबाबत अमेरिकेत १९५४ साली झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमा राज्यात बावीस मुलांचे उन्हाळी शिबिर भरवले. अकरा-बारा वर्षांची पोरे. त्यांचे दोन गट केले. त्यांच्यात रस्सीखेच, चेंडूफळीसारखे सामने लावले, जिंकणाऱ्याला बक्षीस. बघता बघता दोन गटांत वैर उभे राहिले. शिव्या, झेंडे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी. मग शेरीफने त्यांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र सिनेमा दाखवला. उपयोग शून्य. जेवताना त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. शेवटी त्याने असे केले की शिबिराचे पाणीच बंद पडले. दोन्ही गटांना मिळून टाकीपासून नळापर्यंत दोष शोधावा लागला. नंतर जेवण आणायची गाडी 'बंद' पडली. पोरांनी रस्सीखेचीचाच दोर गाडीला बांधला आणि सगळ्यांनी मिळून ती ओढली. ज्या दोराच्या दोन टोकांना दोन गट भांडले होते, त्याच दोराच्या एका टोकाला सगळे आले. हळूहळू वैर निवळले.

या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. भांडणे लावण्यात संशोधकांचाच हात होता, असा आक्षेप आहे आणि तो योग्य आहे. पोरांवर असे प्रयोग करू नयेत. पण त्यातली एक गोष्ट कुठल्याही गावकऱ्याला पटेल. सोबत जेवल्याने, सोबत हसल्याने माणूस जुळेलच असे नाही. एकट्याने न होणारे आणि सगळ्यांना हवे असलेले काम पुढ्यात आले की जुळतो.

त्याचा आपल्याच जिल्ह्यातला पुरावा काकडदऱ्याचा. आर्वी तालुक्यातले हे आदिवासी वस्तीचे लहानसे गाव. २०१७ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत ते राज्यात पहिले आले. तिथली माती, दगड आणि ऊन आर्वीकडच्यांना ठाऊक आहे. या स्पर्धेत गावातून निवडलेल्या माणसांना आधी निवासी प्रशिक्षण होते. त्या प्रशिक्षणात माथा ते पायथा, चर, बांध हे शिकवतच, पण त्याबरोबर खेळही घेत. मोठी माणसे, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, पोरासोरांसारख्या खेळायच्या. काही जण हसले असतील. पण त्या खेळांत भीड चेपली आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवसांच्या श्रमदानात मोट बांधली गेली. आधी खेळ, मग काम. एकटा खेळ असता तर सहल झाली असती. एकटे काम असते तर पहिल्या आठवड्यात अर्धी माणसे घरी बसली असती.

हाच क्रम पोरांच्या शिबिराला लावा.

कोणता प्रश्न विचारू नये

आता सगळ्यात महत्त्वाचे. ओळखीच्या खेळात पहिला प्रश्न सवयीने येतो, "पूर्ण नाव सांग, वडील काय करतात सांग." शिक्षकाच्या मनात काही नसते. पण हा विदर्भ आहे. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये शेतकरी आत्महत्यांचे म्हणून जे सहा जिल्हे घेतले, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीमबरोबर आपला वर्धा होता. त्या वर्षी पाळण्यात असलेले लेकरू शाळा-कॉलेज करून मोठे झाले. त्यानंतरही ही दुर्दैवाची रांग थांबलेली नाही. चाळीस पोरांच्या गोलात उभे राहून "वडील काय करतात" या प्रश्नाला एखादी पोरगी काय सांगेल? ती खाली पाहील, "शेती" म्हणेल आणि पुढचे सात दिवस गप्प राहील. भीड चेपायला गेलो आणि तोंड बंद करून आलो.

आडनावाचेही तसेच. आपल्याकडे आडनावावरून जात काढायला माणसाला पाच सेकंद लागतात. गोलात आडनाव सांगितले की घोळके तिथल्या तिथे पडतात. म्हणून नियम करा. पहिल्या दिवशी फक्त पहिले नाव. आणि त्याबरोबर "तुला काय करता येते?" बैल धरता येतात, सायकलचे पंक्चर काढता येते, भजनात टाळ धरता येतो, मोबाईलवरून सातबारा काढता येतो, आजीच्या पायाला तेल लावता येते. ज्याला "काही नाही" असे वाटते त्यालाही काहीतरी येतच असते, शिक्षकाने ते शोधावे. बाप काय करतो यावर पोराची किंमत ठरत नाही, पोराला काय येते यावर बोलता येते.

तिसरी गोष्ट. कुणालाही "मला नाही सांगायचे" असे म्हणायची मोकळीक पाहिजे आणि त्यावर कुणी हसायचे नाही.

चौथी गोष्ट जरा कडू आहे. 'इंट्रो' हा शब्द होस्टेलात दुसऱ्याच अर्थाने चालतो. जुनी पोरे नव्यांना रात्री उभे करतात, 'ओळख दे' म्हणतात, नाचायला लावतात, नको ते बोलायला लावतात. त्याला ओळख म्हणत नाहीत, त्याला रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. खेळ आणि रॅगिंग यांत फरक ओळखायची साधी खूण सांगतो. खेळात सगळे मिळून हसतात. एकाला मध्ये उभे करून बाकीचे हसत असतील तर तो खेळ नव्हे, मग तो शिक्षकासमोर चालला असला तरी.

खेळ कोणते, कसे

खेळांचे पुस्तक शोधायला जायची गरज नाही. चार-दोन साधे प्रकार पुरे आहेत.

जोडीची ओळख. दोन अनोळखी पोरे दहा मिनिटे एकत्र बसवा. मग पहिल्याने दुसऱ्याची ओळख सगळ्यांना करून द्यायची, आपली स्वतःची नाही. स्वतःबद्दल बोलायला लाजणारा दुसऱ्याबद्दल मोकळा बोलतो. आणि दहा मिनिटे नीट ऐकल्याशिवाय ओळख करून देता येत नाही, म्हणून ऐकायचीही सवय लागते.

नावांची साखळी. गोलात पहिला आपले नाव सांगतो, दुसरा पहिल्याचे आणि आपले, तिसरा दोघांचे आणि आपले. चुकला तर शेजाऱ्याने मदत करायची, शिक्षा नाही. पंधरा-वीस जणांपर्यंत हा खेळ रंगतो. पन्नास जणांना एका गोलात बसवले तर शेवटच्याचे हाल होतात, म्हणून तीन गोल करा.

न बोलता रांग. सगळ्यांनी तोंडातून शब्द न काढता जन्मतारखेप्रमाणे एका रांगेत उभे राहायचे. खाणाखुणा, बोटे, डोळे यांनीच. दहा मिनिटांत पन्नास पोरे एकमेकांशी 'बोलून' होतात. ज्याची मराठी तोडकी आहे, जो कोलामी नाहीतर गोंडी बोलत वाढला, जो परप्रांतातून आला, त्यालाही यात कमीपणा येत नाही.

आणि आपली लगोरी, आट्यापाट्या, खो-खो. आट्यापाट्यांसारखा खेळ दुसरा नाही. पाटी धरणारे एकमेकांच्या भरवशावर असतात, एक जरी सुस्तावला तरी गडी निसटतो. फक्त एक पथ्य पाळा. गट पाडताना दोन पुढारी उभे करून त्यांना गडी निवडायला सांगू नका. जो शेवटी उरतो त्याला त्या अर्ध्या मिनिटात जे वाटते ते तो विसरत नाही. त्यापेक्षा एक-दोन-तीन-चार असे मोजा आणि एकचे सगळे एका गटात टाका. गाव, जात, मुलगा-मुलगी आपोआप मिसळतील. तसेच 'चुकला तो बाहेर' हे खेळ पहिल्या दिवशी टाळा. त्यात सगळ्यात आधी बाहेर पडतो तो लाजाळू पोरगा. ज्याच्यासाठी खेळ मांडला तोच कडेला बसून पाहतो.

हात धरून गुंता सोडवायचे वगैरे खेळ मुली आणि मुले वेगवेगळी करून घ्या. गावात चार लोक पाहत असतात. पोरींच्या घरच्यांनी उद्या शिबिराला पाठवायला नाही म्हटले तर नुकसान पोरींचेच.

हे सगळे दोन तासांत आटपा. दोन तास, दोन दिवस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ हातात पाहिजे.

शाळेच्या गुरुजींसाठीही हेच. आपल्या अनेक खेड्यांत चौथी किंवा सातवीनंतर लेकरांना दुसऱ्या गावच्या शाळेत जावे लागते. एस.टी.ने येणारी तीन पोरे मागच्या बाकावर बसतात आणि वर्षभर मागच्याच बाकावर राहतात. त्यांच्यातली एखादी पोरगी शाळा सोडते तेव्हा आपण 'शेतीचे काम' असे कारण लिहितो. खरे कारण असेही असते की तिला त्या शाळेत कुणी नावाने हाक मारली नाही. २०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार सुरू केला. तो कागदावर न ठेवता जूनमधले पहिले दोन शनिवार याच कामाला लावले तर एक पैसाही खर्च येत नाही.

"आमची वेचणी पडली, यांचे खेळ"

शेतकरी बंधू म्हणतील, "इकडे कापूस बोंडात लोंबून राहिला, मजूर भेटून नाही राहिला, अन् हे पोट्टे गोलात टाळ्या वाजवून राहिले." रागात तथ्य आहे. पण यातूनच मार्ग निघतो. शिबिरातला एक दिवस वेचणीला ठेवा. फुकट मजूर म्हणून नव्हे, शिकायला. दोन पोरांची जोडी एका घरी द्या. सकाळी त्यांच्याबरोबर शेतात, दुपारची भाकर त्यांच्याच बांधावर. किलोभर कापूस वेचायला किती वेळ लागतो, बोंडाची टोके बोटांना कशी लागतात, हे ज्याच्या बोटांना कळले तो उद्या बँकेत बसो की तहसीलात, शेतकऱ्याशी वेगळे बोलेल. आणि त्या घराला 'कॉलेजचे पोट्टे' राहणार नाहीत, नावाची दोन माणसे राहतील.

कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचे कृषिदूत, कृषिकन्या येतात, त्यांनाही हेच लागू आहे. ते बीजप्रक्रिया दाखवतात, निंबोळी अर्क करून दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. फलकामागे पाच शेतकरी उभे करून फोटो निघतो, पेपरात बातमी येते. शेतकरी मनात म्हणतो, कालचे पोरगे मला काय शिकवते? त्या पोराने आधी चार दिवस निंदण-डवरणीला हात लावला असता तर त्याच शेतकऱ्याने त्याचे ऐकून घेतले असते. आणि ऐकून घ्यायची गरज आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाच्या कपाशीचे काय केले ते आपण विसरलो नाही. कामगंध सापळे लावणे, पऱ्हाटी वेळेवर उपटणे, फरदड न ठेवणे ही कामे एकट्याने करून भागत नाही, साऱ्या शिवाराने करावी लागतात. शेजाऱ्याने फरदड ठेवली तर तुमचा सापळा काय करील? म्हणजे पोरांची मोट बांधणे आणि गावाची मोट बांधणे ही दोन वेगळी कामे नाहीत. पोरांच्या निमित्ताने गावही एका बांधावर येऊ शकते.

सरपंच, सचिव यांनी काय करावे

शिबिराचे पत्र आले की ग्रामपंचायतीत ते नुसते फायलीला लावू नका. सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, आणि बचत गटाच्या दोन बाया यांनी एक तास बसावे आणि एवढे ठरवावे.

एक, काम गावाने निवडावे, ग्रामसभेत नाहीतर निदान मासिक सभेत. ज्यात गावालाही उतरावे लागेल असे काम घ्या. पोरे खणतात आणि गाव ओट्यावर बसून पाहते, हे बंद करा. पोरांच्या संख्येएवढी गावची माणसे रोज कामावर नसतील तर त्या दिवशी काम करू नये, इतके कडक राहिले तरी चालेल.

दोन, उद्घाटनाची भाषणे पंधरा मिनिटांत आवरा. आमदार आले तरी पंधरा मिनिटे. उरलेला वेळ ओळखीच्या खेळांना द्या आणि त्यात गावची पोरेही घ्या. शाळा सोडून बसलेले, कामधंदा नसलेले पोरगे आधी घ्या. कॉलेजच्या पोरांकडे ते कडेने पाहत असतात. त्यांची भीड चेपणे सगळ्यांत गरजेचे आहे.

तीन, सफाई, स्वयंपाक, पाणी, भांडी यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून लावा. पोळ्या लाटायला मुली आणि फावडे धरायला मुले, असे कराल तर सेवाग्राम आपल्या जिल्ह्यात आहे हे सांगू नका.

चार, रात्रीचा कार्यक्रम गावाचा ठेवा. एक दिवस गुरुदेव सेवा मंडळाचे भजन, एक दिवस म्हाताऱ्या माणसांनी गावचा इतिहास सांगायचा. विहीर कुणी खणली, पूर कधी आला, जुनी पेठ कुठे होती. पोरांनी तो वहीत लिहून घ्यावा आणि एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी.

पाच, समारोपाला प्रमाणपत्र वाटण्याआधी एक परीक्षा घ्या. प्रत्येक पोराने गावातल्या दहा माणसांची नावे आणि त्यांच्याबद्दल एकेक गोष्ट सांगायची. आणि गावातल्या दहा माणसांनी पोरांची सांगायची. बंधारा किती मीटर झाला याच्या आधी हा हिशेब लिहा.

सहा, त्याच गावात पुन्हा या, असे कॉलेजला लेखी सांगा. सेवा योजनेचा विद्यार्थी दोन वर्षांचा असतो. दरवर्षी नवे गाव आणि नवा फलक यापेक्षा तेच गाव दुसऱ्या वर्षी घेतले तर बंधाऱ्यात पाणी थांबले की नाही हेही पोरांना दिसेल.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली तीही गांधी जन्मशताब्दीचे निमित्त साधून. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' हे तिचे बोधवाक्य. पण 'तुम्ही' कोण हे माहीत नसेल तर ते वाक्य भिंतीवरच राहते. म्हणून या हिवाळ्यात ज्या गावांत शिबिरे येतील त्या गावांना एवढेच मागणे आहे. फलक बांधायला दोर देता, त्याआधी पोरांना घरी बोलवा. नाव विचारा आणि आपले सांगा. बाकीचे काम नावामागून येते.